मधे न बोलता ऐकण्याची नोकरी

आमच्या धंद्यात एक इंग्रजी क्रियापद दिवसभर तोंडात असायचं. लिसन इन. ‘त्या नव्या मुलाच्या कॉलवर जरा लिसन इन करा’, ‘सकाळपासून लिसन इन करून डोकं उठलंय’, असं आम्ही बोलायचो. पहिल्या दिवशी ट्रेनर बाईंनी फळ्यावर ‘लिसन टू’ आणि ‘लिसन इन’ शेजारी शेजारी लिहून फरक समजावला होता. कुणी तुमच्याशी बोलतंय आणि तुम्ही ऐकताय, ते पहिलं. दोन माणसं एकमेकांशी बोलतायत, तुम्ही त्या बोलण्यात कुठेच नाही, तरी ऐकताय, ते दुसरं. पुढे ‘ऑन’ जोडलं की कुणाचं ऐकताय ते सांगता येतं. ‘दर वेळी चोरूनच ऐकणं असतं असं नाही हं,’ बाई म्हणाल्या, ‘परवानगीनेही असतं. रेडिओ ऐकणाऱ्यालाही पूर्वी हाच शब्द वापरायचे. पण एक गोष्ट पक्की. तुमचा आवाज तिथे नसतो.’

आपल्याकडे कानोसा घेणं आहे, कान लावून बसणं आहे, चोरून ऐकणं तर आहेच. पण ह्यातल्या कशालाही महिन्याच्या महिन्याला पगार मिळत नाही. मला मिळायचा. ठाण्यात माजिवड्याच्या एका काचेच्या इमारतीत, एका आरोग्य विमा कंपनीची मराठी हेल्पलाइन चालायची, तिथे मी क्वालिटीला होतो. फोन घेणाऱ्यांना आम्ही एजंट म्हणतो. एजंट ग्राहकाशी कसा बोलतो ते ऐकायचं आणि मार्क द्यायचे, हे माझं काम. गेल्या वर्षी ते यंत्राकडे गेलं. आता यंत्र सगळे कॉल ऐकतं आणि क्षणात मार्क देतं. आमचे दिवसाकाठी मोजकेच कॉल ऐकून व्हायचे, बाकीचे कुणीच ऐकायचं नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. माझ्या आईलाही माहीत नव्हती, आणि त्याला मी जबाबदार आहे.

काम कसं चालायचं ते सांगतो. पडद्यावर चालू कॉल दिसायचे. त्यातल्या एकावर गेलं की तीन बटणं यायची. पहिलं लिसन इनचं. ते दाबलं की दोघांचं बोलणं ऐकू येतं, त्या दोघांना तुमचा पत्ता नसतो. दुसरं कुजबुजीचं. त्यात तुमचं बोलणं फक्त एजंटच्या कानात जातं, ग्राहकाला कळत नाही. तिसरं बटण बार्जचं, म्हणजे सरळ संभाषणात घुसायचं, दोघांनाही तुमचा आवाज ऐकू येतो. हे तिसरं दाबणं म्हणजे आमच्यात जवळपास नाचक्की. एजंट भलतीच माहिती देऊन कंपनीला गोत्यात आणत असेल तरच ते दाबायचं. चांगला क्वालिटीवाला तोच, ज्याचा आवाज मजल्यावर कुणी ऐकलेला नाही. मी फार चांगला क्वालिटीवाला होतो.

ह्या कामाचा अभिमान बाळगण्यासारखं काही होतं हे खोटं नाही. एजंटच्या श्वासावरून मला कळायचं, हा आता चिडणार. ‘हो’ आणि ‘हो हो’ मधला फरक मी नव्या मुलांना शिकवायचो. एक ‘हो’ म्हणजे ऐकलं. दोन ‘हो’ म्हणजे आवरा आता.

ग्राहकांना एक गोष्ट ठाऊक नसते. तुम्हाला होल्डवर टाकून गाणं लावलं, तरी तुमच्या बाजूचा आवाज आमच्याकडे येतच असतो. एजंटला नाही येत, आम्हाला येतो. होल्डवर माणूस खरा बोलतो. साहेबी थाटात ‘मॅडम, यू आर व्हेरी काइंड’ म्हणणारा एक गृहस्थ होल्डवर गेल्या गेल्या बायकोवर ओरडला होता, ‘कुठे घातलास तो डिस्चार्जचा कागद? सगळं घर उकिरडा करून ठेवलंय.’ त्यावर लांबून शांत आवाज आला, ‘तुमच्याच शर्टाच्या खिशात आहे. आणि गाणं थांबलंय, बोला.’

डोंबिवलीचे एक निवृत्त आजोबा तर आमच्या सगळ्यांचे लाडके होते. फोन लागला की आधी टेप वाजते, ‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी हा संवाद रेकॉर्ड केला जाऊ शकतो किंवा ऐकला जाऊ शकतो.’ ती संपली की आजोबा म्हणायचे, ‘नमस्कार. आणि जे मागून ऐकतायत त्यांनाही नमस्कार. चहा झाला का?’ आम्ही हसायचो. उत्तर द्यायची सोय नव्हती.

दिवसभर असं ऐकल्यावर घरी माझे कान मिटायचे. मी ठाण्यातच वर्तकनगरला राहतो, आई कल्याणला पारनाक्याजवळच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटी. वडील डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला ठाण्याला ये म्हणायचो, ती म्हणायची, ‘इथे खाली भाजीवालासुद्धा मला नावाने ओळखतो. तुझ्या बिल्डिंगीत वॉचमन रोज विचारतो, कुणाकडे जायचंय.’ मग संध्याकाळचा एक फोन, एवढंच आमचं उरलं होतं.

तो फोनही मी कसा घ्यायचो ते सांगायला लाज वाटते. आईची बोलायची पद्धत गोल. शेजारच्या बाईंच्या सुनेपासून सुरुवात करून, पाण्याच्या टाकीवरून, ती हळूहळू स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याकडे यायची. माझ्या कामात ह्याला ‘कॉल कंट्रोल नसणं’ म्हणतात. मी म्हणायचो, ‘आई, मुद्द्यावर ये.’ ती म्हणायची, ‘मुद्दा काही नाही रे. ठेवते.’ माझी बायको शुभांगी एकदा तिला म्हणाली होती, ‘आई, ह्यांच्याशी मोजकं बोलायचं. नाहीतर मार्क कापतात.’ दोघी हसल्या होत्या. मीही हसलो होतो.

नोकरी लागली तेव्हा आईने विचारलं होतं, ‘म्हणजे लोक बोलतात आणि तू चोरून ऐकतोस?’

‘चोरून नाही गं. आधी टेपवर सांगतो आम्ही.’

‘सगळ्यांचे ऐकतोस?’

‘मराठीतले सगळे,’ मी म्हणालो. उगाच. आईसमोर नोकरी मोठी दाखवायला.

‘बाई गं,’ ती म्हणाली, ‘जेवतोस कधी मग?’

मग कित्येक वर्षांनी एका थंडीत, मंगळवारी दुपारी, मी मनीषा नावाच्या एजंटवर लिसन इन करत होतो. मनीषा डोंबिवलीची, तिशीतली. तिचे कॉल लांबायचे म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी बटण दाबलं तेव्हा कॉल अर्ध्यात होता. हेडफोनमध्ये आईचा आवाज आला.

ह्याच कंपनीचा विमा मीच तिला काढून दिला होता, तेव्हा तिने फोन करण्यात नवल नव्हतं. आमचा नियम होता की ओळखीचा आवाज आला तर लगेच बाहेर पडायचं आणि मॅनेजरला कळवायचं. मी बाहेर पडलो नाही.

‘... तसं नाही गं बाळा, पैशांचं तू सांगितलंस ते कळलं मला,’ आई सांगत होती. ‘डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला दिलाय. गुरुवारी सकाळी रिपोर्ट आणायला बोलावलंय. सोबत कुणाला तरी आणा म्हणाले. असं म्हणाले म्हणजे काय ते कळतं ना आपल्याला.’

मनीषा म्हणाली, ‘काकू, तसं काही नसतं. सगळ्यांनाच सांगतात सोबत आणा म्हणून. घरी कोण आहे तुमच्या?’

‘मुलगा आहे. ठाण्याला.’

‘मग त्यांना सांगा ना.’

‘सांगायला घेतलं दोनदा. गाडी दुसरीकडेच जाते बघ माझी. तो दमलेला असतो.’ मग म्हणाली, ‘तुला एक सांगू? तो तुमच्याकडेच आहे. नाव नाही सांगत, उगाच त्याला त्रास व्हायचा. तो सगळे फोन ऐकतो. हाही ऐकत असेल.’

मनीषाला माहीत होतं की बहुतेक कॉल कुणीच ऐकत नाही. तरीही ती म्हणाली, ‘हो काकू. ऐकत असतील.’

‘म्हणून इथे बोलते. गेल्या आठवड्यातही बोलले होते, तेव्हा दुसरी मुलगी होती. तिने घाईत ठेवला.’ मग आवाज जरा बदलला. आई आता मनीषाशी बोलत नव्हती. ‘एकटीने जायला भीती वाटते रे. बाकी काही नाही. नुसता बसला असतास शेजारी.’

माझा हात माउसवर होता. तिसरं बटण पडद्यावर होतं. ते दाबून ‘आई, मी येतो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? नियम मोडला म्हणून मेमो मिळाला असता. मजल्यावर चार दिवस चर्चा झाली असती. ह्यापलीकडे काही नाही. मी हा विचार त्या वेळीही केला होता, आत्ता करतोय असं नाही. आणि तरी मी मधे बोललो नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बोलण्यात न बोलण्याची सवय केली होती, तिने हात धरला असं म्हणता येईल. पण ते नुसतं म्हणणं झालं. खरं म्हणजे मला भीती वाटली, आणि हेडफोनच्या ह्या बाजूला भीती झाकता येते.

मनीषाने बराच वेळ तिच्याशी गप्पा मारल्या. रिपोर्टच्या दिवशी खाऊन जा, पाण्याची बाटली घ्या, स्वेटर घ्या, एसी फार असतो. विम्याचा त्यात एक शब्द नव्हता.

संध्याकाळी मी फोन केला. एरवी आईच करायची. मी ठरवलं होतं की गुरुवारचं तिच्या तोंडून काढायचं आणि लगेच म्हणायचं, मी येतो. म्हणजे मी ऐकलं हे सांगावं लागणार नाही, मनीषाही अडचणीत येणार नाही.

‘काय गं, काय विशेष?’ मी विचारलं.

‘काही नाही. तू बोल.’

‘मी काय बोलणार? तू सांग.’

‘मी सांगितलं की सगळं,’ ती म्हणाली आणि थांबली.

आता कळतं, ती वाट बघत होती. मीही वाट बघत होतो. माझ्या धंद्यात अशा शांततेला ‘डेड एअर’ म्हणतात आणि तिचे मार्क कापतात. शेवटी तीच म्हणाली, ‘जेवलास का? ठेवते मग.’

बुधवारी मी स्वतःला सांगितलं, उद्या सरळ हॉस्पिटलमध्ये जाऊन उभं राहायचं. कल्याणला कामाला आलेलो, असं काहीतरी सांगू. पण गुरुवारी सकाळी कॅलिब्रेशन होतं. हा आमच्या धंद्यातला एक विधी. सगळे क्वालिटीवाले, टीम लीडर आणि विमा कंपनीचा माणूस एका खोलीत बसतात, एकच कॉल सगळ्यांना ऐकवतात, प्रत्येकाने मार्क द्यायचे आणि ते जुळतात का बघायचं. तासाभरात संपेल, मग निघू, असा माझा हिशेब होता.

मॅनेजर रोहन वयाने माझ्याहून बराच लहान. ‘आज एक मॅरेथॉन कॉल आहे,’ तो म्हणाला. ‘सिस्टिमनेच उचललाय, लेंग्थवरून.’ स्पीकर लावला. टेप वाजली आणि मग आईचा आवाज खोलीभर झाला.

नाव आणि पॉलिसी नंबरचा भाग नियमाप्रमाणे गाळलेला होता, बाकी कॉल ह्या वेळी मी सुरुवातीपासून ऐकला. ती पाण्याच्या टाकीपासून सुरू झाली होती.

‘आजी पॉडकास्ट करतायत यार,’ कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. ‘तो तुमच्याकडेच आहे’ हे वाक्य आलं तेव्हा रोहनने रेकॉर्डिंग थांबवलं. ‘कोणाची आई आहे रे ही?’ त्याने गमतीत सगळ्यांकडे बघितलं. मजल्यावर कल्याण-डोंबिवलीचे कितीतरी जण होते. एकेक जण ‘माझी नाही, माझी नाही’ म्हणत हात वर करत होता. माझी पाळी आली. मी नाही म्हणून मान हलवली.

मग मार्क. सहानुभूती, पूर्ण. कॉल कंट्रोल, शून्य. खोटी माहिती देणं, कारण ‘ऐकत असतील’ असं ती म्हणाली होती, त्यालाही शून्य. सगळ्यांनी हेच दिलं. मीही हेच दिलं. माझे मार्क खोलीच्या मार्कांशी तंतोतंत जुळले, आणि रोहन म्हणाला, ‘सर नेहमीप्रमाणे परफेक्ट.’

मीटिंग लांबली. संपल्यावर मी पोट बिघडल्याचं सांगून बाइक काढली. रांजनोली नाक्याला ट्रक अडकलेले, कोनला पुन्हा तेच. दुर्गाडीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हॉस्पिटलमध्ये ओपीडी संपली होती, मावशी लादी पुसत होत्या. तिथून मी पारनाक्याला गेलो.

आईने दार उघडलं. अंगात स्वेटर तसाच होता. मला बघून तिचा चेहरा इतका मोकळा झाला की आजही तो आठवला की मी दुसरीकडे बघतो.

‘आलास?’ ती म्हणाली. ‘ऐकलंस ना?’

आणि मी म्हणालो, ‘काय?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘काही नाही. हातपाय धू. भात टाकते.’ जेवण झाल्यावर तिने रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला, जणू पहिल्यांदाच विषय निघत होता. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक खोटं उभं केलं, आणि पुढचे महिने त्यातच राहिलो.

त्यानंतर मी तिला एकटीला कुठे जाऊ दिलं नाही. ठाण्याला आणलं. सगळे डॉक्टर, सगळी इंजेक्शनं, सगळ्या रांगा. शेजारी बसलो. शुभांगीने रजा घेतल्या. लोक म्हणायचे, मुलगा किती करतो. आई मान डोलवायची. पण ती माझ्याशी बोलताना मोजकं बोलायला लागली होती. गुडघ्याचं, शेजारच्या सुनेचं, काहीच नाही. मुद्द्यावर यायला शिकली होती.

शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी मी तिच्या पलंगाशी बसून मोसंबी सोलत होतो. आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल, असं वाटलं.

‘आई,’ मी म्हणालो, ‘तो फोन मी ऐकला होता. तू बोलत होतीस तेव्हाच. रिपोर्टच्या आधीचा.’

तिने डोळे उघडले नाहीत. ‘माहितेय,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी दारात नुसता उभा राहिलास ना, तेव्हाच कळलं. घामाने भिजलेलास. सहज आलेला माणूस असा नसतो.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू बोलशील म्हटलं.’

मी फोड तिच्या हातात दिली. तिने ती खाल्ली नाही, नुसती धरून ठेवली. मग तिने विचारलं, ‘त्या मुलीचं काय झालं रे? नंतर मी दोनदा फोन केला. ती नव्हती.’

मी तिला सगळं सांगितलं. कॅलिब्रेशन, मार्क, मान हलवली ते. मनीषाला आधी ट्रेनिंगला बसवलं, मग थकलेल्या हप्त्यांच्या वसुलीच्या फोनवर टाकलं, मग ती सोडून गेली. माझ्या मार्कांनी तेवढंच झालं असं नाही, सगळ्यांचे तेच होते, हेही मी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

आई भिंतीकडे वळली. ‘तिने ऐकलं रे माझं,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या सहकाऱ्याकडून मनीषाचा नंबर मिळवला. ती आता डोंबिवलीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. मी कोण ते सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं, आईचे शेवटचे दिवस आहेत हे आणि मार्कांचंही सांगितलं.

मनीषा म्हणाली, ‘काकू आहेत का शुद्धीवर?’

‘आहे.’

‘द्या त्यांना फोन. तुमच्याशी नंतर बघू.’

मी फोन आईच्या कानाशी उशीवर टेकवून ठेवला. आई म्हणाली, ‘कोण? अगंबाई, तू होय,’ आणि मग पाण्याच्या टाकीचं काहीतरी सुरू केलं. शुभांगी स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, तिला मी खुणेनेच बोलावलं. आम्ही दोघं बाहेर आलो, मी दार ओढून घेतलं. दारातूनही आवाज येत होता म्हणून जिना उतरलो, आणि खाली पार्किंगमध्ये भिंतीला टेकून खूप वेळ उभे राहिलो. त्या दोघी काय बोलल्या, ते मला माहीत नाही.